हाय काय ते बघावं

दुष्काळी मुलखातल्या बाईचा स्वयंपाक नसलेल्या जिनसांपासून सुरू होतो. तांदूळ नाही, दूध नाही, हिरवी भाजी नाही, ओला नारळ तर लग्नाच्या ओटीतच बघायचा. तरी सांजच्याला रानातून आलेली माणसं भाकरी घेऊन बसणार, आणि त्या भाकरीशेजारी काहीतरी ओलं, काहीतरी झणझणीत, सणावाराला काहीतरी गोड पडलंच पाहिजे. माझी आजी अशाच मुलखातली. सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या शिवा जिथं एकमेकींना भिडतात, तो माणगंगेच्या काठचा माणदेश. सह्याद्रीवर कोसळून रिकामे झालेले ढग आमच्यावर नुसती सावली टाकून पुढं निघून जातात. ज्वारी, बाजरी, हुलगा, मटकी, शेंगा. जमीन मनापासून देते ते एवढंच. एवढ्यावर आजीनं घर चालवलं, लेकी उजवल्या, आल्यागेल्याला जेवू घातलं. कुणी हे नाही, ते नाही म्हणायला लागलं की ती म्हणायची, ‘न्हाय त्याचं रडगाणं गाऊन पोट भरतंय व्हय? हाय काय ते बघावं.’

या एका वाक्यात तिची स्वयंपाकाची सगळी रीत होती. एखादा जिन्नस नसला, की तो कसा दिसतो, कसा लागतो हे ती आठवत बसायची नाही. तो पदार्थात काय काम करतो एवढंच बघायची, आणि ते काम उचलील असं घरात काय आहे ते हुडकायची.

खोबऱ्याचंच घ्या. कोकणात ओलं खोबरं कालवणाला दाटपणा देतं, तिखटाची धार मऊ करतं, मागं थोडी गोडसर चव ठेवतं. माणदेशात नारळ नाही, पण खळ्यावर शेंगांचे ढीग. दाणे खरपूस भाजायचे, चोळून फोलपटं पाखडायची आणि उखळात कुटायचे. कूट मुठीत दाबलं की मूठ वळली पाहिजे, हाताला तेल लागलं पाहिजे. हे कूट वांग्यात, दोडक्यात, मेथीच्या गरगट्यात पडलं की दाटपणाही आला आणि गोडसरपणाही. त्या वांग्याला खोबऱ्याची आठवणसुद्धा होत नाही. दाण्याच्या कुटावाचून भरलं वांगं करायचं म्हटलं, तर आज अर्ध्या महाराष्ट्राला ते अपुरं वाटेल.

भाताचंही तसंच. देशावरच्या कोरड्या खेड्यांत भात हा सणाचा, पाहुण्याचा आणि आजाऱ्याचा. रोजच्या ताटात त्याचं काम करायच्या त्या ज्वारीच्या कण्या. ज्वारीला पाण्याचा हात लावून ती उखळात सडायची, कोंडा पाखडायचा, मग जात्यावर भरड काढायची. चाळणीतून पीठ खाली गेलं की वर राहतात त्या कण्या. पीठ भाकरीला, कण्या रात्रीला. मिठाच्या पाण्यात त्या रटरटत शिजायच्या, मग निखाऱ्यावर मुरत राहायच्या. वरून आंबट ताक आणि लसणाची फोडणी. भाताच्या शिताचा मऊपणा त्यांच्यात नाही. जिभेवर एक बारीकशी खरखर राहते आणि दोन घासांनंतर तीच हवीशी वाटायला लागते. बिनदाताच्या म्हाताऱ्याला, तापातून उठलेल्या पोराला, बाळंतिणीला, सगळ्यांना पेलेल असं ते अन्न.

आजीच्या रीतीचा खरा कस लागायचा होळीला. पुरणपोळीबरोबर दूध पाहिजे, आणि घरचं दूध तर सकाळीच डेअरीला गेलेलं. दुधाचा पैसा हाच घरातला रोख पैसा, त्यावर पोरांच्या वह्या आणि दवाखाना. मग दूध पोळीशी काय करतं? पोळी भिजवतं, पुरणाची कोरड मोडतं, घास घशाखाली अलगद उतरवतं. ही तिन्ही कामं गुळाच्या पाण्याकडून करून घेता येतात. आजी पातेल्यात पाणी उकळायची, त्यात गूळ विरघळू द्यायची, फडक्यातून गाळून काडीकचरा काढायची, सुंठ आणि वेलदोडा कुटून घालायची. वाटीभर दूध मागं राहिलं असलं तर तेही. ही गुळवणी. खोलगट ताटलीत पोळी कुस्करायची, वर गरम गुळवणी ओतायची आणि पोळीनं ती पिऊन घेईपर्यंत धीर धरायचा. सुंठेचा हलका चटका नाकापर्यंत जातो, हरभऱ्याची डाळ आणि गूळ एकमेकांत विरघळतात. आणि पुरणासाठी शिजवलेल्या डाळीचं जे पाणी उपसलं जायचं, त्याला काळ्या मसाल्याची आणि चिंचेची जोड देऊन कटाची आमटी. एका डाळीत गोड आणि तिखट, दोन्ही ताटं भरली. आता आमच्या घरात दुधाला तोटा नाही. तरी होळीला गुळवणी केली नाही तर सण झाला असं कुणालाच वाटत नाही.

भाजी नसली की सांडगे. उन्हाळ्यात, घरात काही कमी नसताना, आजी पुढच्या नसण्याची तयारी करायची. मटकीची किंवा हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, त्यात लसूण, मिरची, जिरं, आणि बाजेवर धुतलेलं लुगडं पसरून बोटांनी त्याचे बारके बारके सांडगे तोडायचे. कडक उन्हात ते खडखडीत वाळायचे. गवार, भेंडी, कारलीसुद्धा चिरून उन्हाला जायची. चैत्र-वैशाखाचं ऊन गाडग्यात भरून ठेवायचं आणि पावसाळ्यात जेव्हा भाजीची काडी मिळत नाही, तेव्हा ते काढायचं. तेलात तांबूस परतलेले सांडगे कांद्याच्या रश्श्यात उकळले, की त्यांच्या आत रस भरतो आणि दाताखाली ते मऊ होऊनही थोडा कणखरपणा राखून असतात. सोलापूरकडून आलेली माझी चुलती येसर करायची. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून, दळून एका डब्यात तयार. डाळ शिजवायला सरपण नसलं, वेळ नसला, डाळच नसली, तरी फोडणीच्या पाण्यात दोन चमचे येसर कालवून टाकलं, की भाकरी बुडवायला दाट आमटी हजर.

सगळ्यांत मला जवळचे शेंगोळे. हुलगा, कोकणातला कुळीथ, हे आमच्याकडचं बैलाचं खाणं. औताला जुंपायच्या बैलाला भिजवून, शिजवून द्यायचं. तेच कडधान्य पावसाची बुरबुर लागली, रान चिखलानं बंद झालं, भाजी संपली, की माणसांच्या ताटात यायचं. आजी परातीत हुलग्याचं पीठ घ्यायची, मिळून यावं म्हणून मूठभर ज्वारीचं आणि चिमूटभर गव्हाचं. पाट्यावर लसूण, जिरं, मिरची, मीठ जाडसर वाटायची. पाटा धुतलेलं पाणीसुद्धा पिठातच. तो तपकिरी गोळा घट्ट मळून झाला की आम्ही पोरी तेलाचा हात घेऊन भोवती बसायचो. पिठाची लहान गोळी दोन्ही तळव्यांमध्ये घेऊन पुढंमागं करायची, तिची दोरी सुटते, करंगळीपेक्षा बारीक झाली की दोन टोकं चिमटीत दाबून वेटोळं करायचं. फार जाड झालं तर आत कच्चं राहतं, फार बारीक झालं तर रश्श्यात मोडतं. आजी बघायची नाही, नुसता हात लावायची आणि बाजूला काढलेलं वेटोळं परत मोडून आमच्या हातात द्यायची.

तोवर चुलीवर फोडणीचं पाणी खळखळत असायचं. तेल, लसूण, कांदा-लसणाची घरची चटणी. एकेक वेटोळं त्यात सोडायचं, उकळी मोडू द्यायची नाही. ती तळाशी जातात, थोड्या वेळानं वर येतात, आणि घरभर हुलग्याचा तो भाजक्या मातीसारखा खमंग वास दाटतो. आजी पिठाचा एक गोळा मागं ठेवायची, शेवटी तो पाण्यात कालवून रश्श्यात ओतायची. त्यानं रस्सा दाट होतो. वेगळी आमटी नको, वेगळी भाजी नको. शेंगोळे हीच भाजी आणि शेंगोळे हेच कालवण. वर कच्च्या शेंगदाणा तेलाची धार. तुपाच्या जागी ते तेल असायचं, पण आपण तूप आहोत असा आव ते आणत नसे. बाजारात वनस्पती तूप आलं होतं. ते तुपासारखं पांढरं दिसायचं, रवाळ दिसायचं. आजीनं ते एकदा हातावर घेतलं, हुंगलं आणि घरात ठेवलं नाही. ‘तूपबी न्हाय आन त्याल बी न्हाय,’ म्हणाली. दिसणं उसनं घेतलेल्या जिनसेवर तिचा विश्वास नव्हता.

आजोबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी, घरात मांस-मच्छी वर्ज्य. पण गावची जत्रा आली की घराघरांतून बोकडाच्या रश्श्याचा वास यायचा आणि घरातली पोरं कासावीस व्हायची. तेव्हा आमच्याकडे पाटवड्यांचा रस्सा. कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर काळपट होईपर्यंत भाजलेलं, तीळ, धणे, लवंग, सगळं पाट्यावर गुळगुळीत वाटलेलं. शेजारच्या घरी मटणाला पडायचं तेच वाटण. फोडणीच्या पाण्यात हरभऱ्याच्या डाळीचं पीठ घाटून, ताटात थापून, शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या आणि लालभडक तवंगाचा रस्सा वर ओतायचा. जुन्नरकडे याच जातीची मासवडी. डाळीच्या पिठाच्या पापुद्र्यात तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसणाचं सारण भरतात, गुंडाळी दाबून माशाचा आकार देतात आणि तुकडे पाडतात. तिच्यात मासा नाही, समुद्रही कोसांवर. आकार तेवढा माशाचा, पण ज्यानं ती काळ्या रश्श्यात बुडवून बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ली आहे, तो मासवडीच मागतो. त्याला मासा आठवत नाही.

हे सगळं लिहिताना मन हरखून जातं. पण या चवींच्या मागं खरी भूक होती, तीही सांगितली पाहिजे. १९७२चा दुष्काळ आमच्या घरात अजून बोलला जातो. विहिरी आटल्या, जनावरं विकली, आजी आणि तिच्या जावा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. कामावर सुकडी वाटायचे. रेशनवर मिलो मिळायचा, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणा नाही. भाकरी थापताना कडेनं फाटायची, तव्यावर टाकताना हातातच तुटायची. आजीनं उकळत्या पाण्यात पीठ मळलं, घरात होतं तेवढं हुलग्याचं पीठ त्यात मिसळलं, आणि परातीत थापायच्या ऐवजी ओल्या फडक्यावर थापून भाकरी तव्यावर पालथी केली. ‘जनावराचं खाणं म्हणत हुती लोकं त्याला. पर त्याच्यावर लेकरं जगली,’ एवढंच ती म्हणायची. त्या दुष्काळी कामांतून पुढं रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पण घरातल्या चुलीपुरतं बोलायचं तर त्या वर्षी लेकरं जगली ती बायकांच्या हातांनी.

त्या हातांना शेवटी काय मिळायचं? घरातले पुरुष जेवायचे, मग पोरं, मग बाया, आणि सगळ्यांत शेवटी आजी. कोरभर भाकरी आणि भांड्याला चिकटलेला रस्सा. जिनं नसण्यातून सगळ्यांसाठी जेवण काढलं, तिच्याच ताटात नसणं उरायचं. म्हणून जुन्या खाण्याचं कौतुक करताना त्या काळचे दिवस बरे होते असं मी कधीच म्हणणार नाही. दिवस वाईट होते. हात मोठे होते.

आणि हे हात फक्त माणदेशातच नव्हते. कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, दर्या खवळलेला असतो. तिथं मे महिन्यातच सुकट, बोंबील, बांगडे वाळवून ठेवलेले असतात. फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून ठेवलेल्या असतात. कुळथाची पिठी भातावर येते आणि तिला आमसुलाचा आंबटपणा पुरतो. गोव्यात बांगड्याची उडदमेथी करतात, आणि शिवराक, म्हणजे शाकाहाराच्या दिवशी तेच उडीद, तीच मेथी, तेच खोबरं घेऊन बांगड्याच्या जागी आंबाडे घालतात. आंबाड्याचा आंबट, चोथ्याचा घास त्या रसात इतका शोभतो, की श्रावणात पुष्कळ घरांत लोक तिची वाट बघतात. मेथीच्या कडवटपणाला सावरायचं काम आंबाडा करतो. आजी गोव्याला कधी गेली नाही, पण तिथल्या चुलीसमोर ती परकी ठरली नसती.

आपण ज्याला अगदी सोवळ्यातलं, अगदी आपलं मानतो, त्यातही अशी किती बदली माणसं येऊन बसली आहेत! उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. बटाटा, मिरची, शेंगदाणा ही तिन्ही अमेरिका खंडांतली. समुद्र ओलांडून आली. साबुदाणा मूळचा आग्नेय आशियातल्या साबूच्या झाडाच्या गाभ्यापासून व्हायचा आणि तिकडूनच यायचा. १९४०च्या दशकात दुसऱ्या महायुद्धामुळं ती आयात आटली, आणि तमिळनाडूतल्या सेलमच्या भागात कसाव्याच्या कंदापासून तसाच पांढरा दाणा करायला लागले. हा कसावाही मूळचा दक्षिण अमेरिकेचा. म्हणजे आषाढी एकादशीला आपण विठ्ठलासाठी उपास धरून जे खातो, ते पुरतं बदलीचं ताट आहे. विठ्ठलाला ते चाललं. आपल्या आज्यांनी चालवून घेतलं, आणि दोन पिढ्यांत ते इतकं घरचं झालं, की त्याच्यावाचून एकादशी सुनी वाटते.

माझी आतेबहीण न्यू जर्सीत राहते. ती अळूवड्या कोलार्डच्या पानांवर करते, कारण तिला अळू नेहमी मिळत नाही. पीठ तेच, चिंचगुळाचा कोळ तोच, वाफवून तळायची रीत तीच. पेढ्यांसाठी खव्याच्या जागी रिकोटा चीज आटवते. श्रीखंडाला चक्का बांधत नाही, घट्ट ग्रीक दही आणते, साखर आणि केशर घालून घोटते. तिच्या मुलांना हेच श्रीखंड घरचं श्रीखंड. आत्यानं तिला हे काही शिकवलेलं नाही. अळू काय करतं, खवा काय करतो, एवढं तिला माहीत होतं. पान घट्ट गुंडाळता आलं पाहिजे, पीठ धरून ठेवलं पाहिजे, तळल्यावर कडेनं कुरकुरीत झालं पाहिजे. बाकीचं तिच्या हातानं शोधलं. आजीची रीत समुद्रापार पोचली ती अशी.

आज शहरात कण्या, शेंगोळे, मासवडी मिळायला लागली आहे. ‘चुलीवरचं’ अशी पाटी लावलेल्या हॉटेलात चांगली किंमत मोजून लोक ती खातात, आणि मला त्याचा आनंद आहे. ज्या अन्नाची कधी लाज वाटायची, पाहुण्यासमोर जे झाकून ठेवायचो, ते मानानं ताटात आलं. पण हॉटेलात पदार्थ मिळतो, रीत मिळत नाही. रीत मिळते ती डब्यात काय आहे ते बघून हात चालवणाऱ्या बाईच्या शेजारी बसल्यावर. आणि त्या बायका आता एकेक करून चालल्या आहेत. त्यांची मापं ओंजळ, चिमूट, ‘हाताला कळतंय’ अशी आहेत. ती कागदावर उतरत नाहीत, शेजारी बसूनच कळतात.

म्हणून वाचणाऱ्याला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात आजी, आई, मावशी, आत्या, कुणी थोरली बाई असेल, तर तिला पुरणपोळीची कृती विचारू नका. ती सगळीकडे मिळते. तिला विचारा, ‘घरात काही नसलं की तू काय करायचीस?’ ती जे सांगेल ते तिच्याकडून एकदा करून घ्या, शेजारी बसून स्वतः करा, आणि पोरांना वाढताना ते कशाच्या ऐवजी आहे हे सांगू नका. त्याला त्याच्या नावानं वाढा. हुलगा आजही वाण्याकडे मिळतो. अर्धा किलो आणा, निवडा, मंद आचेवर हलका भाजा, गिरणीवर दळून ठेवा. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी शेंगोळे करा, आणि जी रांधेल तिला पहिल्या पंगतीत बसवा.